नटाचा संसार आणि विद्यापीठाचा वर्ग
(नरडाणा येथे भरलेल्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या शिष्यवृत्ती समितीचा मी एक सभासद आहे. गतवर्षी आपल्यातीलच एका मुलीचा अर्ज समितीपुढे आला होता. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशिक्षण घेण्याची तिची इच्छा होती. आम्ही तो अर्ज परत पाठविला. नकाराच्या कागदावर माझीही सही आहे. बैठकीत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी “आंडेर काय नाटकमा जाई का?” असा प्रश्न केला, सर्वजण हसले आणि विषय संपला. त्या वेळी मी गप्प बसलो, म्हणून आज बोलणे मला प्राप्त आहे.

तापीपलीकडील शिरपूरच्या घराण्यातील स्मिता पाटील यांनी ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळविला व १९८५ साली त्यांना पद्मश्री लाभली, याची त्या बैठकीत कोणासही आठवण झाली नाही. मलाही नाही.

तथापि वडीलधाऱ्यांचे भय निराधार होते असे मी म्हणणार नाही. बालगंधर्वांचेच उदाहरण घ्या. नारायणराव राजहंसांच्या बालपणीचा काही काळ आपल्या जळगावात गेला. गायनाचे धडे त्यांनी तेथे मेहबूबखाँ यांच्यापाशी घेतले. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि १९१३ साली गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. रंगभूमीवर भरजरी शालू खरे, अत्तरही खरे. हिशेबाच्या वहीकडे मात्र मालकांची दृष्टी क्वचितच वळे. मंडळी कर्जात रुतली. १९६४ साली पद्मभूषण मिळाले, पण उत्तरायुष्य विपन्नावस्थेतच गेले. ज्याच्या गळ्यावर अवघा महाराष्ट्र लुब्ध झाला त्याची ही गत, तर आमच्या मुलीचे काय होईल, असे बापाने विचारले तर त्याला हसू नये.

परंतु या कथेत कला कोठेही उणी पडलेली नाही. उणा पडला तो व्यवहार. आणि व्यवहार शिकविता येतो.

पूर्वी नाटक मंडळी हीच शाळा होती. पोर बिऱ्हाडात वाढे, थोरांच्या नकला करीत शिके. पगार किती हे मालक ठरवी. आता दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून, पुण्याचे ललित कला केंद्र १९८७ पासून आणि मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी २००३ पासून रीतसर शिक्षण देत आहेत. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेने तर १९१४ सालीच नाट्यपदवीचा अभ्यासक्रम सुरू केला होता. आवाज, देहबोली, संहितेचे वाचन हे अशा ठिकाणी शिकविले जाते. माझे म्हणणे एवढेच की, शेवटच्या वर्षी मुलांना धंदाही शिकविणारा वर्ग हवा, आणि पालकांनी प्रवेश घेण्यापूर्वी त्याची चौकशी करावी.

धंदा म्हणजे काय ते सांगतो. नाटकात नटाला प्रत्येक प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशास ‘नाइट’ म्हणतात. प्रयोग रद्द झाला की बहुधा तीही गेली. मालिकेत दिवसाच्या हिशेबाने मानधन ठरते, आणि ते तीन-तीन महिन्यांनी हाती पडण्याचा प्रघात आहे. तेवढे दिवस मुंबईतील खोलीचे भाडे कोठून द्यावयाचे, हा प्रश्न अभिनयाच्या कोणत्याही सिद्धांताहून कठीण आहे. निर्माता मानधनातून कर कापून घेतो. विवरणपत्र भरले नाही तर जास्त कापलेले परत येत नाही. करारावर सही करण्यापूर्वी तो वाचावा, एकच तारीख दोघांना देऊ नये, आणि भूमिका देतो म्हणून जो आधी पैसे मागतो त्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नये. आमचा कापसाचा शेतकरी वजनकाटा पाहिल्याशिवाय गाडी रिकामी करीत नाही. नटाने तरी का करावी?

डॉ. श्रीराम लागूंचा दाखला नेहमी दिला जातो. कान, नाक व घशाची शस्त्रक्रिया करणारे हे डॉक्टर १९६९ साली पूर्णवेळ नट झाले. दाखला थोर आहे, पण त्यांच्या पाठीशी एक विद्या होती. बाजरी-कापसाच्या घरातून निघालेल्या मुलीपाशी ती नसते. म्हणूनच तिला पदवी हवी. अभिनयात जम बसला नाही तरी त्या शिक्षणाच्या बळावर शाळेत नाट्यशिक्षण देणे, ध्वनिमुद्रणासाठी आवाज देणे, प्रकाशयोजना करणे, या वाटा उघड्या राहतात.

राहिला स्थळाचा प्रश्न. तो कोणी उच्चारला नाही, पण नकारामागे तोच होता हे आपण सर्व जाणतो. आपल्या वधूवर सूचीत डॉक्टर मुलीसाठी रांग लागते. नाट्यपदवीधर मुलीसाठी लागेल काय? आज नाही. पण तिचे लग्न हा तिच्या घरचा विषय आहे, शिष्यवृत्ती समितीचा नव्हे. आमच्यापुढे फक्त गुणपत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला होता, आणि दोन्ही नियमात बसत होते.

तो अर्ज अद्याप कार्यालयाच्या फाईलीत आहे. मुलगी या वर्षी पुन्हा प्रवेशपरीक्षेस बसणार आहे असे तिच्या वडिलांनी मला सांगितले. पुढील बैठकीत हा अर्ज फेरविचारार्थ घ्यावा, अशी सूचना मी या सभेपुढे मांडतो. अनुमोदन देणारे कोणी असल्यास त्यांनी कृपया हात वर करावा.