मानवी क्लोनिंग, अवयवरोपण आणि आपला दानधर्म

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नंदाखाल येथे दिलेले भाषण)



‘विज्ञान आणि अहिंसा’ या विषयावर बोलण्याची आज्ञा विश्वस्तांनी मला केली आहे. मी कापडाचा व्यापारी, वाणिज्य शाखेचा पदवीधर. डॉक्टर नाही आणि शास्त्रपंडितही नाही. म्हणून एकाच प्रश्नाचा विचार आपल्यापुढे मांडतो. रुग्णाला अवयव मिळावा यासाठी त्याचीच प्रतिकृती असलेला माणूस निर्माण करणे धर्माला मान्य होईल काय?

‘क्लोन’ हा शब्द डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. आपल्या परिसरातील बागायतदारांना ही गोष्ट नवी नाही. केळीचा मुनवा काढून लावला की मूळ झाडासारखेच दुसरे झाड उभे राहते. प्राण्यांमध्ये मात्र हे काम अतिशय कठीण आहे. १९९६ साली स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेत प्रौढ मेंढीच्या पेशीतील केंद्रक घेऊन ‘डॉली’ जन्माला आली, तेव्हा २७७ प्रयत्नांतून ते एकच कोकरू हाती लागले. क्लोनिंगने माणूस जन्मल्याचा सिद्ध पुरावा आजतागायत नाही. आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा प्रयत्न निषिद्ध आहे.

तरीही हा विचार माणसाला मोह घालतो. परका अवयव शरीर सहजासहजी स्वीकारत नाही. त्यासाठी रुग्णाला आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. प्रतिकृतीचा अवयव मात्र शरीर आपला मानील, अशी आशा असते. मरणाच्या दारी उभ्या असलेल्या मुलाच्या पित्याला हा मोह पडला, तर त्याला दोष देणे सोपे नाही.

परंतु प्रतिकृती होते ती देहाची. एकसारखी जुळी भावंडे एकाच गर्भापासून होतात, चेहरा एक, रक्तगट एक. तरी जीव दोन आणि प्रत्येकाचे कर्म वेगळे. क्लोन झालेला माणूसही तसाच स्वतंत्र जीव असेल. आमच्या दुकानात एकाच मागावरचे, एकाच नमुन्याचे दोन ताके असतात. एक संपला की दुसरा कापतो, कारण ताक्याला वेदना नाही. पंचेंद्रिय, मनासहित जीवाला राखीव माल समजून त्याचे हृदय काढणे ही आरंभी किंवा उद्योगी हिंसा म्हणता येणार नाही. ती ठरवून, हेतू धरून केलेली संकल्पी हिंसा होय, आणि तिचा त्याग तर प्रत्येक श्रावकाला सांगितला आहे. ‘हे डॉक्टरांनी केले, मी नव्हे’ असेही म्हणता येत नाही; कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्हींचा बंध सांगितलेला आहे.

याला आणखी एक दोष लागतो, तो अदत्तादानाचा. जे दिलेले नाही ते घेणे म्हणजे चोरी. अवयवाच्या बाबतीत ‘दत्त की अदत्त’ हीच माझ्या मते खरी कसोटी आहे.

ही कसोटी आपल्या भूतकाळालाही लावून पाहू. १९८० च्या दशकात आणि १९९० च्या आरंभी मुंबईसह देशातील मोठ्या शहरांत गरिबांची मूत्रपिंडे पैसे देऊन घेतली जात. कागदावर त्यांची संमती असे. प्रत्यक्षात कर्ज आणि भूक सही करीत असे. म्हणूनच १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला आणि फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्रात लागू झाला. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली आणि मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली.

कसोटी अवघड करणारेही एक उदाहरण आहे. अहमदाबाद येथे थॅलेसेमियाग्रस्त मुलाला अस्थिमज्जा जुळावी म्हणून प्रयोगशाळेत गर्भ तपासून, निवडून बहिणीला जन्म दिला गेला; २०२० साली तिची अस्थिमज्जा भावाला दिली गेली. अस्थिमज्जा पुन्हा भरून येते आणि ती मुलगी घरात मुलगी म्हणूनच वाढते. त्यामुळे हे क्लोनिंगसारखे नाही. परंतु लहान बालक ‘मी देते’ असे म्हणू शकत नाही, आणि न निवडलेल्या गर्भांचे काय, हाही प्रश्न उरतो. अशा वाटेवर पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी समाजाने थांबून विचार केला पाहिजे.

बंधूंनो, केवळ निषेध करून रुग्ण वाचत नाही. अवयवांची टंचाई आहे म्हणूनच असे विचार सुचतात. आपल्या एवढ्या मोठ्या देशात मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्यांची वार्षिक संख्या २०२३ मध्ये प्रथमच एक हजाराच्या पुढे गेली. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने मानणाऱ्या समाजाने येथे पुढे यावयास हवे.

काहींना वाटते, अवयव दिला तर पुढील जन्मी देह अपुरा मिळेल. शास्त्र सांगते की आत्म्याबरोबर तैजस आणि कार्मण शरीरे जातात. औदारिक शरीर येथेच राहते आणि अग्नीला दिले जाते. मेंदू मृत पण हृदय चालू, अशा अवस्थेत जीव निघून गेला का, याविषयी शंका असणाऱ्यांचा मी आदर करतो. त्यांनी साधुभगवंतांना विचारावे. नेत्रदानात तर ही शंका उरत नाही. हृदय थांबल्यानंतर सहा तासांच्या आत ते करता येते.

माझी विनंती एवढीच. या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एक दिवस एकत्र बसून या विषयावर बोलावे आणि आपली इच्छा घरच्यांना सांगून ठेवावी. कारण त्या प्रसंगी निर्णय घरच्यांनाच घ्यावा लागतो. आपण दिले, तर कोणाला हिरावून घेण्याचा विचार करावा लागणार नाही.