ट्यूबलाइट उजळते कशी?

एलईडी येण्याआधी नवी मुंबईच्या रस्त्यांवर सोडियमच्या दिव्यांचा पिवळा उजेड असे आणि घराघरांत पांढरी ट्यूबलाइट. बल्बमध्ये तापलेली तार उजेड देते. या दोन्ही दिव्यांत मात्र तो येतो वायूतून वाहणाऱ्या विजेमुळे.

ट्यूबमध्ये थोडा आरगॉन आणि किंचित पारा असतो. स्टार्टर आणि चोक मिळून जास्त व्होल्टेजचा झटका देतात आणि वीज वाहू लागते. धावते इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूंवर आदळतात. अणूंना मिळालेली ऊर्जा मुख्यतः २५४ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांच्या रूपाने बाहेर पडते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. काचेला आतून लावलेली पांढरी पूड ते शोषून घेते आणि दिसणारा प्रकाश देते. वायूतला प्रवाह बेसुमार वाढू नये, म्हणून चोक त्याला आवर घालतो.

सोडियमच्या दिव्याला पूड लागत नाही. सोडियमचे अणू ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश थेट देतात. सोडियमची पुरेशी वाफ व्हायला काही मिनिटे लागतात, म्हणून तो दिवा सावकाश उजळतो.

श्रोतेहो, पारा विषारी आहे. ट्यूब फुटली तर खिडक्या उघडा, मुलांना दूर ठेवा. झाडू न मारता जाड कागदाने तुकडे उचला आणि झाकणाच्या बरणीत बंद करा. जुनी ट्यूब रोजच्या कचऱ्यात टाकू नका. २०१६च्या नियमांपासून पाऱ्याचे दिवे ई-कचऱ्यात मोडतात. ती ई-कचरा संकलन केंद्रातच द्या.