खिशात मावणारी शंभराची लेन्स



घरोघरच्या कपाटांतून जुने फिल्म कॅमेरे पुन्हा बाहेर येऊ लागले आहेत. कुणाला वडिलांचा पेंटॅक्स सापडतो, कुणाला काकांचा निकॉन, तर कुणी हौसेने ऑलिंपस विकत घेतो. कॅमेऱ्यावर बहुधा 50 मिलिमीटरची लेन्स असते आणि ती चांगलीच असते. पण दोन-चार रोल काढून झाले की माणसांचे चेहरे जवळून टिपावेसे वाटतात आणि मग दुसरी लेन्स कोणती घ्यायची, हा विचार सुरू होतो. 85, 100, 105 की 135? मोठ्या छिद्राची की साधी? माझं मत मी आधीच सांगून टाकतो. लेन्स लहान आणि हलकी घ्या. त्यासाठी छिद्र थोडं लहान मिळालं तरी चालेल.

आधी चेहऱ्याबद्दल. पन्नासच्या लेन्सने डोकं आणि खांदे एवढीच चौकट भरायची, तर समोरच्या माणसापासून साधारण पाऊण मीटरवर जावं लागतं. आपलं नाक कानांपेक्षा दहा-बारा सेंटिमीटर पुढे असतं. पाऊण मीटरवरून पाहिलं की नाक कानांच्या मानाने पंधरा-सोळा टक्के मोठं उमटतं. चेहरा पुढे ओढल्यासारखा दिसतो, कान मागे गेल्यासारखे वाटतात. तीच चौकट शंभरच्या लेन्सने दीड मीटरवरून भरते आणि तिथे हा फरक निम्म्यावर येतो. म्हणजे चेहरा प्रमाणात दिसतो तो अंतरामुळे. लेन्सचं काम इतकंच, की त्या अंतरावर उभं राहून चौकट भरता येते.

आणि दीड मीटर हे माणसाशी बोलायचं अंतर आहे. आवाज न चढवता गप्पा मारता येतात आणि समोरच्याला कुणी अंगावर आल्यासारखं वाटत नाही. 135 च्या लेन्सने त्याच चौकटीसाठी दोन मीटर मागे जावं लागतं. आपल्याकडच्या खोल्यांत तेवढ्यात पाठ भिंतीला टेकते. जुन्या बाजारात 135 ची लेन्स भरपूर मिळते आणि स्वस्तही असते. मैदानावर, रस्त्यावर ती कामाला येते. पण घरातल्या माणसांसाठी दुसरी लेन्स घेणाऱ्याला मी ती सुचवणार नाही.

आता आकाराचं. 1972 साली जपानच्या ऑलिंपस कंपनीने एक कॅमेरा बाजारात आणला. त्याचं नाव आधी एम-1 होतं. लायकाच्या कॅमेऱ्यांनाही एम हे अक्षर होतं, त्या कंपनीने हरकत घेतल्यावर तो ओएम-1 झाला. त्याचे रचनाकार योशिहिसा माइतानी. एसएलआर कॅमेरा म्हणजे जड, मोठा आणि खडखडाट करणारा, अशी त्या काळी समजूत होती. माइतानींनी साधारण पाचशे ग्रॅमचा कॅमेरा करून दाखवला. मला त्यांचं मोठेपण वाटतं ते यात, की त्यांनी लेन्सेसनाही तीच शिस्त लावली. अनेक लेन्सेसना पुढे एकच, 49 मिलिमीटरचा फिल्टर बसतो. याच मालिकेतली शंभर मिलिमीटरची एफ 2.8 ची झुइको लेन्स 230 ग्रॅमची आहे आणि लांबीला पाच सेंटिमीटरांच्या आत आहे. शर्टाच्या खिशात बसते. पेंटॅक्सच्या एम मालिकेतली शंभरची लेन्सही जवळपास तेवढीच. निकॉनने 1979 साली ई मालिका काढली, तिच्यातली शंभरची तर 215 ग्रॅमची, आत फक्त चार काचा.

या लेन्सेस इतक्या लहान कशा, हे समजलं की निवड सोपी होते. एफ आकडा म्हणजे एक भागाकार आहे. शंभरला 2.8 ने भागलं की सुमारे 36 मिलिमीटर येतात. प्रकाश आत यायला तेवढी वाट मोकळी हवी. 85 ला 2 ने भागलं की साडेबेचाळीस. हे दोन्ही 49 च्या कड्यात बसतं, म्हणूनच ऑलिंपस आणि पेंटॅक्स या दोघांनाही 85 ची एफ 2 लेन्स त्याच कड्यात बसवता आली. आता 85 ला 1.4 ने भागा. एकसष्ट मिलिमीटर! इथे सगळंच बदलतं. काच मोठी, तिला धरणारं धातूचं नळकांडं मोठं, फोकसचे आटे मोठे. निकॉनची 85 ची एफ 1.4 लेन्स 72 मिलिमीटरचा फिल्टर मागते आणि सहाशे ग्रॅमच्या वर जाते. ओएम-1 पेक्षा ती लेन्सच जड. अशी लेन्स लोक हौसेने घेतात आणि पुढे घरी ठेवून जातात.

मोठ्या छिद्राने मागचं धूसर होतं, त्याचं काय, असं कुणी म्हणेल. हिशेब करून पाहू. दीड मीटरवर बसलेल्या माणसावर शंभरची लेन्स एफ 2.8 वर धरली, तर स्पष्ट येणारा पट्टा साधारण साडेतीन सेंटिमीटरांचा असतो. त्याच जागेवरून 85 ची एफ 2 वर धरली, तरी पट्टा साडेतीनच सेंटिमीटरांचा. एफ 1.4 वर तो अडीच होतो. साडेतीन सेंटिमीटर म्हणजे डोळा आणि नाकाचा काही भाग. फोकस हाताने फिरवायचा आहे, समोरचा माणूस बोलतोय, हसतोय, मान हलवतोय. त्याहून बारीक पट्टा घेऊन करायचं काय? पूर्ण उघड्या छिद्रावर चेहऱ्यांचे फोटो हातातून निसटतात ते याच कारणाने, आणि फिल्मवर ते रोल धुऊन आल्यावरच कळतं.

मोठ्या छिद्राचा खरा उपयोग प्रकाशासाठी होतो आणि तो मी नाकारत नाही. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या खोलीत 400 ची फिल्म असेल, तर एफ 2.8 ला शटर साधारण सेकंदाच्या तिसाव्या भागावर येतं, एफ 2 ला साठाव्या भागावर. शंभरची लेन्स हातात धरून तिसाव्या भागाला फोटो हलणारच. ज्यांना घरातल्या रात्रीच्या मैफिली किंवा नाटकाच्या तालमी टिपायच्या आहेत, त्यांनी 85 ची एफ 2 घ्यावी. तीही लहानच आहे, अडीचशे ग्रॅमच्या आसपास. किंमत मात्र शंभरपेक्षा बरीच जास्त पडते. दिवसाउजेडी, खिडकीजवळ, ओसरीवर फोटो काढणाऱ्याला शंभरची पुरून उरते.

एका मोठ्या लेन्सचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल: निकॉनची 105, एफ 2.5. निकॉन एफ कॅमेऱ्यासाठी ती 1959 साली आली आणि 1971 साली तिची आतली रचना नव्याने केली गेली. स्टीव्ह मॅक्करी यांनी 1984 साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा जो फोटो काढला, जून 1985 च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर जो जगाने पाहिला, तो याच लेन्सचा. वजन 435 ग्रॅम. कॅमेरा निकॉनचा असेल आणि खांदा मजबूत असेल, तर तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझ्या मते लहान लेन्सचा नियम मोडावा तो हिच्यासाठी.

आता विकत घेताना काय पाहायचं. या सगळ्या लेन्सेस जुन्या, वापरलेल्याच मिळणार आणि मुंबईत, कोकणात, गोव्यात त्यांचा पहिला शत्रू बुरशी. हवेतला दमटपणा बराच काळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिला की काचेवर बुरशी धरते, आणि आपल्या पावसाळ्यात ते महिनोन् महिने चालतं. छिद्र पूर्ण उघडा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा आणि पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले, तर लेन्स परत द्या, किंमत कितीही कमी असो. बुरशीतून पाझरणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. बुरशी साफ झाली तरी तो डाग राहतो. धुळीच्या चार कणांनी मात्र घाबरू नका, ते फोटोत दिसत नाहीत. मग छिद्राच्या पात्यांकडे बघा. ती चटकन मिटली आणि उघडली पाहिजेत. त्यांच्यावर तेल चकाकत असेल तर ती पुढे अडकतील. फोकसचं कडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या दाबाने फिरलं पाहिजे. विकत घेताना लेन्सबरोबर हूड मिळत असेल तर अवश्य घ्या. जुन्या लेन्सेसचा लेप आजच्याइतका चांगला नसतो आणि बाजूने येणाऱ्या उजेडात चित्र फिकं पडतं.

घरी आणल्यावर ती चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि बुरशीला घर देतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलणारं जेल असेल तर ते कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. आणि लेन्स वापरत राहा. उजेडवाऱ्यात फिरणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

पहिला रोल तपासणीसाठी ठेवा. एकाच माणसाला खिडकीजवळ दीड मीटरवर बसवा, कॅमेरा तिपाईवर ठेवा, जवळच्या डोळ्यावर फोकस करा आणि एफ 2.8, 4, 5.6 आणि 8 वर एकेक फोटो घ्या. कोणता फोटो कोणत्या आकड्यावर काढला ते वहीत लिहा, कारण फिल्म ते लक्षात ठेवत नाही. मग तेच चार फोटो उघड्यावर, सूर्य बाजूला ठेवून, एकदा हूड लावून आणि एकदा काढून घ्या. रोल धुऊन आला की त्या नोंदींशी फोटो ताडून पाहा आणि ज्या आकड्यावर डोळ्याच्या पापण्या स्पष्ट मोजता येतात, तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.