क्रेडिट कार्डाचे कर्ज आणि आपले घर

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून परीक्षेचे निकाल, मुलींचे शिक्षण, शिष्यवृत्त्या यांवर भाषणे होतात आणि ती झालीच पाहिजेत. यंदा मात्र मी परवानगी मागून वेगळा विषय घेतला आहे. क्रेडिट कार्डावर झालेले कर्ज आणि ते फेडण्याचा आमच्या घरचा अनुभव मी आपणापुढे ठेवणार आहे. कार्ड माझ्या धाकट्या भावाचे होते आणि त्याच्या संमतीनेच मी बोलत आहे. व्याजाबाबत धर्माची आज्ञा आपणा सर्वांना ठाऊक आहे. तो विषय उलेमांचा. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. मी केवळ हिशेब सांगणार आहे, आणि त्यात काही कमी-जास्त झाल्यास गणिताच्या सरांनी सांभाळून घ्यावे.

आधी थोडा इतिहास. १९५० साली न्यू यॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. त्यावरची सगळी रक्कम महिनाअखेर चुकती करावी लागे. म्हणजे ते आपल्या किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखेच होते. पुढे १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे ६० हजार कार्डे लोकांनी न मागता टपालाने घरोघर पाठवली. या कार्डावर बाकी पुढच्या महिन्यात ढकलण्याची सोय होती, अर्थात व्याज देऊन. कर्जाचे मूळ या सोयीत आहे. आज प्रत्येक स्टेटमेंटवर दोन आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात: एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. बहुतेकांची नजर दुसऱ्या आकड्यावर जाते, कारण तो लहान असतो आणि खिशाला परवडतो.

आता आमच्या घरचे. माझा भाऊ मुंबईत एका प्रवासी कंपनीत नोकरीला होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, कंपनीचे काम थांबले, पगारही थांबला. खोलीचे भाडे, रेशन आणि गावी अब्बांची औषधे यांसाठी त्याने चार महिने कार्ड वापरले. भाड्यासाठी त्याने कार्डावर रोख रक्कम काढली. वस्तू घेतली आणि पूर्ण बिल वेळेवर भरले तर काही दिवस व्याज लागत नाही. पण रोख काढली की त्याच दिवसापासून व्याज सुरू होते आणि वर शुल्क वेगळे. एकूण खर्च ६४ हजार रुपये. त्या काळात रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली होती. ती कार्डालाही लागू होती. पण हप्ता लांबला म्हणजे व्याज थांबले असे नव्हते. ही गोष्ट त्या वेळी फारच थोड्यांच्या ध्यानात आली. जानेवारी २०२१ मध्ये बाकी ८६ हजारांवर गेली होती, आणि मधल्या काळात त्याने थोडेफार भरलेही होते.

हे आम्हांला कसे कळले? वसुलीचे फोन अब्बांच्या मोबाईलवर येऊ लागले तेव्हा. तोपर्यंत पोराने घरी अक्षर काढले नव्हते. अब्बा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे जेवणाच्या दस्तरख्वानावरच स्टेटमेंट पसरून बसलो. पालकांना मी आवर्जून सांगेन की त्या वेळी अम्मीने भावाला एक शब्दही उणा-अधिक बोलली नाही, म्हणून पुढचे सगळे कागद बाहेर आले. ती रागावली असती तर कदाचित अर्धेच आले असते.

हिशेब असा निघाला. व्याज महिना साडेतीन टक्के. ऐकायला फारसे वाटत नाही, पण वर्षाचे ४२ टक्के होतात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ८६ हजारांवर दरमहा व्याज ३,०१० रुपये आणि कर ५४२ रुपये, मिळून ३,५५२. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे ४,३०० रुपये. त्यातून मुद्दल फिटते अवघे ७४८ रुपये! असेच दरमहा किमान भरत राहिलो असतो, तर वर्षात सुमारे ५० हजार रुपये जाऊनही कर्ज जेमतेम साडेआठ हजारांनी उतरले असते. शिवाय जुनी बाकी असताना नवी खरेदी केली तर तिलाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. म्हणून पहिले काम आम्ही केले ते कार्ड वापरणे बंद करण्याचे.

वसुलीच्या माणसाने मध्येच सुचवले, ५० हजार द्या, प्रकरण मिटवू. भाऊ तयार झाला होता. मी थांबवले. अशा तडजोडीनंतर सिबिलच्या अहवालात ते खाते पूर्ण फिटलेले न दिसता ‘सेटल्ड’ असे दिसते, आणि पुढे घरासाठी किंवा धंद्यासाठी बँकेच्या दारात गेल्यावर ते आड येते. ज्यांच्याकडे खरोखरच काही उरलेले नाही त्यांची गोष्ट निराळी. आमच्याकडे अम्मीच्या बांगड्या होत्या.

त्या तिने स्वतःहून काढून दिल्या. ४१ हजार आले. सोने नंतर किती वाढले हे आपण जाणता, आणि शेजारी अजून म्हणतात की घाई केली. पण करासह त्या दराने कार्डावरची बाकी सतरा-अठरा महिन्यांत दुप्पट होते. सोने त्या मुदतीत दुप्पट झाले नव्हते. सोनेतारण कर्जाचा दर कार्डाच्या मानाने पुष्कळ कमी असतो हेही खरे. परंतु अम्मीला एक व्याज फेडायला दुसरे व्याज नको होते.

आमच्या मामूंनी २५ हजार कर्ज-ए-हसना म्हणून दिले. कुराण शरीफमधील सर्वांत लांब आयत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. तरी नात्यात कागद करायला आपण लाजतो. मामू लाजले नाहीत. साध्या वहीच्या कागदावर रक्कम, तारीख, महिना अडीच हजारांचा हप्ता आणि दोन सह्या. दहा महिन्यांत फिटले. तेच २५ हजार कार्डावर राहिले असते तर त्याच हप्त्याने तेरा महिन्यांहून अधिक काळ आणि सुमारे ३३ हजार रुपये लागले असते. उरलेले २० हजार भावाने आणि मी मिळून घातले. त्याला तोपर्यंत एका गोदामात काम मिळाले होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातील कित्येक जण उद्या पुणे-मुंबईला नोकरीसाठी जाल आणि पहिल्या पगाराबरोबर कार्डवाल्याचा फोन येईल. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार न मागता कार्ड देता येत नाही, हे त्याला सांगता येते. व्याजाच्या दराला कायद्याने लगाम असेल या भरवशावर राहू नका. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादा सांगितली होती; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला.

कुणाच्या घरी वसुलीचे फोन येत असतील तर लक्षात असू द्यावे, ऑगस्ट २०२२ पासून सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर असे फोन करण्यास मनाई आहे. बँक दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही. पैसे पूर्ण फिटल्यावर कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झालेच पाहिजे, नाहीतर बँकेला दररोज ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. आणि बाकी काही नसल्याचे पत्र मागून घ्यावे. भावाचे पत्र अब्बांनी घराच्या दाखल्यांच्या फाईलमध्ये लावून ठेवले आहे.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तासभर वाचनालयात बसतो. ज्यांना आपल्या स्टेटमेंटचा हिशेब मांडून हवा असेल त्यांनी निःसंकोच यावे. नाव आणि कार्डाचा नंबर कागदाने झाकून आणला तरी चालेल. मला फक्त आकडे लागतात.