एका लहरीचे वाटेकरी



या व्यासपीठावर विद्वानांची परंपरा आहे. माझी शाळा आठवीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. म्हणून शास्त्र सांगण्याचा आव न आणता मी एका वाटणीची हकीकत सांगणार आहे. वाटणी जमिनीची नाही, पाण्याची नाही. ती हवेतल्या लहरींची आहे.

चाळीत नळ एक आणि बिऱ्हाडे वीस असली की वेळा ठरवाव्या लागतात. अमेरिकेत नभोवाणी सुरू झाली तेव्हा हीच स्थिती होती. १९२२ साली करमणुकीच्या केंद्रांना मुख्यतः ३६० मीटरची एकच लहर होती. वर्षअखेर केंद्रे झाली पाचशेहून अधिक! एका गावातल्या केंद्रांनी आपसांत तास वाटून घ्यायचे. एकाचे संपले की दुसऱ्याने सुरू करायचे. दोघे एकदम बोलू लागले, तर ऐकणाऱ्याच्या कानी नुसती शीळ येई. रात्री तर अधिकच पंचाईत. मध्यम लहरी दिवसा जवळपास विरतात, पण रात्री वरच्या वातावरणावरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात. लहानपणी आमच्या चाळीतल्या रेडिओवर रात्री दोन केंद्रे एकमेकांवर चढत, ती याच कारणाने.

पुढे लहरी वाढल्या, पण भांडणे मिटली नाहीत. शिकागोच्या झेनिथ कंपनीच्या केंद्राला आठवड्यातून फक्त दोन तास मिळाले होते. गुरुवारी रात्री दहा ते बारा. कंपनीने कॅनडासाठी राखलेली लहर बळकावली. सरकार कोर्टात गेले आणि १९२६ साली हरले; लहरी वाटण्याचा अधिकारच व्यापारमंत्र्यांना नाही, असे ठरले. मग काय, ज्याला जी लहर आवडली ती त्याने धरली. या गोंधळातून १९२७ चा रेडिओ कायदा आणि फेडरल रेडिओ कमिशन जन्माला आले.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. शिकागोच्या कामगार संघटनांच्या फेडरेशनने १९२६ साली स्वतःचे केंद्र काढले : डब्ल्यू.सी.एफ.एल. शेवटची तीन अक्षरे फेडरेशनच्याच नावाची. चिटणीस एडवर्ड नॉकेल्स यांनी हा ध्यास घेतला होता. वर्तमानपत्रे मालकांची, तेव्हा निदान हवेत तरी कामगारांचा आवाज असावा, हा त्यांचा हिशेब.

१९२८ साली कमिशनने सगळ्या देशाची फेरवाटणी केली. चाळीस लहरी मोकळ्या ठेवल्या. रात्री त्यांवर एकाच बलाढ्य केंद्राचा हक्क. त्यांतली फार थोडी सोडली तर बाकी सगळी धनिक कंपन्यांच्या केंद्रांकडे गेली. कामगारांच्या केंद्राला ९७० किलोसायकलची लहर मिळाली, पण सिॲटलच्या एका केंद्राबरोबर वाटून. आणि यांच्या वाट्याला आली दिवसपाळी!

मंडळी, यातली मेख ध्यानात घ्या. दिवसा कामगार कुठे असतो? यंत्रापाशी. तो घरी येऊन हातपाय धुऊन बसेपर्यंत त्याचे केंद्र मुके होणार. कागदावर वाटणी झाली, पण कान मात्र मिळाले नाहीत.

मला याचा अनुभव आहे. एका कारखान्यात आम्ही सभेसाठी जागा मागितली. व्यवस्थापनाने उदारपणे दिली. वेळ मात्र दिली ऐन पाळी चालू असतानाची. नकार दिला असता तर आम्ही भांडलो असतो. होकारापुढे आमचे तोंड बंद झाले.

नॉकेल्स यांनी तोंड बंद ठेवले नाही. कमिशनकडे, कोर्टात, काँग्रेसपुढे ते चार वर्षे झगडले. कामगारांसाठी एक मोकळी लहर राखून ठेवा, ही त्यांची मागणी. ती मान्य झाली नाही. पण १९३२ साली तडजोडीने दिवसरात्र प्रक्षेपणाची मुभा आणि पाच हजार वॅटची शक्ती मिळाली. पुढे १९७८ साली फेडरेशनने ते केंद्र विकले. पैशाचे गणित अखेर कोणाला चुकले आहे?

तरीही मला ही कथा पराभवाची वाटत नाही. जिथे वस्तू थोडी आणि मागणारे पुष्कळ, तिथे वाटणी अटळच. पण किती तास मिळाले एवढेच विचारून चालत नाही. कोणते तास मिळाले, हेही विचारावे लागते. नळाला पाणी आहे, पण ते रात्री दोन वाजता येते. दवाखाना आहे, पण तो कामाच्या वेळेतच उघडा असतो. अशा ठिकाणी हाच प्रश्न उभा असतो. तो विचारण्याची सवय आपण सोडू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.