नियम ठरलेले, निर्णय आपला



२००३ साली ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी एक युक्तिवाद मांडला. पुरेशी प्रगती केलेला समाज आपल्या पूर्वजांचं आयुष्य, त्यांच्या जाणिवेसकट, संगणकावर उभं करू शकेल. मग तीनपैकी एक गोष्ट खरी असलीच पाहिजे. एक तर तिथवर पोहोचण्याआधीच जवळजवळ सगळे समाज नष्ट होतात. नाही तर पोहोचलेल्यांना असली जगं चालवण्यात रस नसतो. आणि हेही नसेल, तर आपण स्वतः बहुधा अशाच एका जगात आहोत. यातली तिसरी गोष्टच खरी, असा बोस्ट्रॉम यांचा दावा नाही. पण तरुण मुलं तिथूनच पुढं विचारतात, ‘जग कुणाच्या तरी संगणकात चाललं असेल, तर माझा निर्णय माझा कसा?’

जग आभास आहे का, या प्रश्नाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. शंकराचार्यांनी मायावाद मांडला. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त वेगळी भूमिका घेतली. जग हा भ्रम नाही, ते चैतन्याचाच विलास आहे, असं त्यांनी सांगितलं. जग कशातून घडलं याचं उत्तर बदललं म्हणून जग खोटं ठरत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी २०२२ मध्ये ‘रिअ‍ॅलिटी प्लस’ या पुस्तकात, अगदी वेगळ्या वाटेनं, यासारखीच बाजू घेतली. संगणकातल्या जगातलं झाडही खरंच आहे, फक्त ते घडलं आहे माहितीतून.

आपल्या जिल्ह्यातल्या तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. भजनात तल्लीन होऊन माती तुडवताना पोटचं लेकरू पायाखाली गेलं. विठ्ठलावाचून पान हलत नाही, असं मानणारी ही परंपरा. तरीही कथा तिथं ‘सगळी त्याचीच लीला’ म्हणून थांबत नाही. पुढं ‘मला शिवू नका’ अशी बायकोनं घातलेली विठ्ठलाची शपथ येते, ती पाळणं येतं, आणि मोडली गेली तेव्हा स्वतःचे हात तोडून घेणंही येतं. जग ईश्वराच्या इच्छेनं चालतं असं मानणाऱ्यांनीही माणसाचं वचन त्याच्या पदरातून काढून घेतलं नाही.

आता संगणकाकडे वळू. १९७० साली जॉन कॉनवे यांचा ‘गेम ऑफ लाइफ’ जगापुढं आला. त्यात चौकटींचा पट आहे आणि दोन-तीन साधे नियम. पुढची प्रत्येक पायरी मागच्या पायरीवरून पक्की ठरते. तरीही एखाद्या मांडणीचं शेवटी काय होईल, हे प्रत्येक वेळी आधी सांगू शकेल अशी रीतच नाही, हे गणितानं सिद्ध झालं आहे. बहुतेक वेळा खेळ चालवूनच पाहावा लागतो. म्हणजे संगणकातलं जग हे आधीच लिहून ठेवलेलं नाटक असतं असं नाही. तिथं नियम ठरलेले असतात आणि घटना घडत जातात. आपलं जग तसं असेल, तर माझा विचार, माझी घालमेल, माझा पश्चात्ताप हे त्या गणिताचेच टप्पे आहेत. ते गाळले तर निर्णयापर्यंत पोहोचताच येत नाही.

नियतीवाद मात्र म्हणतो की मी काहीही केलं तरी व्हायचं तेच होणार. हे निराळं आहे, आणि चुकीचं आहे. याचा पुरावा आपल्याच मातीत आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. त्या वेळच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ‘नशिबातच होतं’ असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं, आणि त्या दुःखात तो आधारही होता. पण माणसं भूकंपानं मेली त्याहून अधिक घरांखाली मेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदावर मातीचा जड थर अशी ती घरं होती. जिथं खणाच्या घराचे लाकडी खांब आणि तुळया पक्क्या होत्या, तिथं काही ठिकाणी भिंती ढासळल्या तरी माळवद तग धरून राहिलं. जमीन कधी हलणार हे कुणाच्याच हाती नव्हतं. त्या गावकऱ्यांचा दोषही नव्हता, कारण धोका त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. पण घर कसं बांधायचं, ही गोष्ट कारणांच्या त्याच साखळीतली एक कडी होती. पुढं भिंतीत काँक्रीटचे पट्टे आले, आरपार जाणारे दगड आले. ज्ञान मिळालं, तशी निवड बदलली.

माझ्या मते स्वातंत्र्य याहून वेगळं काही नाही. कारणांच्या बाहेर उभं राहणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. कारणं समजून घेऊन त्यांत आपला विचार घालणं म्हणजे स्वातंत्र्य. जग मातीचं असो, चैतन्याचं असो की गणिताचं, हे काम दुसरं कुणी आपल्यासाठी करत नाही. म्हणून ‘सगळं ठरलेलंच आहे’ हे वाक्य कुणाच्याही तोंडी आलं, मग तो ज्योतिषी असो, पुढारी असो की संगणकतज्ज्ञ, त्याला एकच प्रश्न विचारा: ‘ठरण्यात माझा वाटा कुठला?’ तो वाटा शोधणं आणि उचलणं, ही आपली जबाबदारी आहे.