दुःखातला आधार : पंडिता रमाबाईंची ख्रिस्तनिष्ठा

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



"संकटकाळी धर्मश्रद्धेचा आधार" या विषयावर आम्ही बोलावे, असे चिटणिसांनी कळविले. आम्ही मुसलमान, तेव्हा आम्ही 'सब्र' म्हणजे धीर या इस्लामी कल्पनेवर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. विषय आमच्या जिव्हाळ्याचा खरा. पण आपल्या धर्माचे गुण आपणच गायिले तर ऐकणाऱ्याला मान डोलविण्यापलीकडे काही उरत नाही. शेजारच्या घरातील दिवा आपल्या ओसरीवरून कसा दिसतो, हे सांगण्यात आम्हांला अधिक गोडी वाटते. म्हणून आज ख्रिस्ती श्रद्धेविषयी बोलावयाचे योजिले आहे, आणि तेही एकाच बाईंच्या आयुष्यावरून. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

नाव आपणा सर्वांस ठाऊक आहे. शाळेतही आम्ही ते शिकवितो. परंतु शिकविताना एक गंमत होते. स्त्रीशिक्षण, विधवांचा आश्रम, संस्कृतचे पांडित्य एवढे सांगून झाले की धडा संपतो. त्यांची ख्रिस्तनिष्ठा ही जणू पुस्तकावरचे बाहेरचे वेष्टन. उलट, धर्मांतराची चीड ज्यांच्या मनात आहे त्यांना त्या एका गोष्टीवाचून दुसरे काही आठवतच नाही. दोघेही बाईंना अर्धेच पाहतात. बाईंना विचारले असते तर आपले सारे काम ज्या मुळातून उगवले ते मूळ हेच, असे त्यांनी निःसंशय सांगितले असते. त्या मुळाशी जाऊन पाहावे, एवढाच आजचा हेतू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कानडी मुलखातील गंगामूळ येथील अरण्यात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, म्हणून त्यांना स्वजनांचा विरोध सोसावा लागला. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत, पुराण सांगत, मिळेल त्यावर राहू लागले. १८७० नंतरच्या त्या भीषण दुष्काळात गाठीचा पैसा संपला. होते नव्हते ते विकले. व्रते झाली, उपासतापास झाले, दानधर्म झाला. पण अन्न मिळेना. अंगमेहनतीची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा कोंडीत आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. आईच्या अंत्ययात्रेला खांदेकरी पुरेसे मिळेनात. रमाबाईंनी स्वतः एक बाजू उचलली आणि उंची कमी पडली म्हणून तो भार डोक्यावर घेतला. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे.

वडिलांच्या शेवटच्या घटकेची हकीकतही त्यांनी लिहिली आहे. ते अंध झाले होते, अशक्त होते. त्यांनी या धाकट्या मुलीला कवटाळून सांगितले, की तुला मी ईश्वराच्या हाती दिले आहे, तू त्याचीच राहा आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. पुढे तीस-एक वर्षांनी ख्रिस्ती रमाबाईंनी आपल्या श्रद्धेची साक्ष लिहिली तेव्हा हिंदू पित्याचे हे शब्द त्यांनी खाली पडू दिले नाहीत. मोठ्या कृतज्ञतेने ते नोंदविले. धर्म बदलला की मनुष्य मागचे सारे पुसून टाकतो, असे जे समजतात त्यांनी ते पान अवश्य वाचावे.

त्यानंतरचे मृत्यू थोडक्यात सांगतो. भावाबरोबर पायी भारतभर हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. वय चोवीसही पुरते नाही, पदरी मूल, आणि माहेर नावाची वस्तू जगात नाही.

आता कोणी म्हणेल, अशा स्थितीत जो हात देईल त्याचा धर्म माणूस घेणारच. पण बाईंचा इतिहास इतका सरळ नाही. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. न्यायमूर्ती रानड्यांसारखी माणसे पाठीशी होती. १८८३ मध्ये त्या विलायतेस गेल्या त्या वैद्यकी शिकण्यासाठी. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली होती. तेथे आल्यावरही आपण ख्रिस्ती होणार असे त्यांच्या मनात नव्हते.

मन वळले ते कशाने? वादविवादाने तर नव्हेच. वादात बाई कोणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. त्या भगिनींचे लंडनमध्ये फुलहॅम येथे एक गृह होते. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळे, आणि भगिनी त्यांची सेवा करीत. अशा बायकांना कोणी मायेने जवळ करील, हेच रमाबाईंना नवे होते. हे कशासाठी, म्हणून त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. त्यात येशू विहिरीवर बसला आहे आणि एका शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो आहे. ती परक्या, तुच्छ मानलेल्या जमातीची. शिवाय तिचे पाच नवरे होऊन गेलेले. तिच्या हातचे पाणी येशू मागतो, आणि उपासनेविषयीच्या अत्यंत गहन गोष्टी तिच्याशी बोलतो. शिवाशिवीच्या वातावरणात वाढलेल्या ब्राह्मण विधवेला त्या विहिरीचा अर्थ कोणा पाद्र्याने समजावून द्यावा लागला नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तत्पूर्वी थोडेच दिवस त्यांची विलायतेतील सोबतीण आनंदीबाई भगत हिने आत्मघात केला होता, हेही येथे सांगितले पाहिजे. शांतीच्या घरीसुद्धा त्यांच्या वाट्याला असा प्रसंग आला.

बाप्तिस्मा झाला म्हणजे समाधान मिळाले, असे मात्र झाले नाही. त्रैक्याचा सिद्धांत, कुमारिकेच्या पोटी जन्म, या गोष्टी त्यांना पटेनात आणि त्यांनी त्या लपविल्या नाहीत. गुरुबहीण जेराल्डीन हिच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आजही छापलेला मिळतो. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले ते दुसऱ्याचे चढवून घेण्यासाठी नव्हे, असा त्यांचा रोख होता. गळ्यात घालण्याच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असाही त्यांनी वाद घातला. आहार तर शाकाहारी ठेविलाच. पुढे सात-आठ वर्षांनी, मायदेशी परतल्यावर, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांच्या ध्यानात आले, आणि मग कोठे मनाला विश्रांती लाभली.

येथे आम्हांला हजरत अय्यूबांची आठवण होते. बायबलात त्यांचे नाव ईयोब. कथा दोन्हीकडे आहे: संपत्ती गेली, लेकरे गेली, अंग व्याधीने ग्रासले, तरी ईश्वरावरची निष्ठा सुटली नाही. आमच्या कुराणात ते धीराचा आदर्श म्हणून येतात. बायबलातील ईयोब मात्र अध्यायच्या अध्याय देवाशी भांडतो, जाब विचारतो. लहानपणापासून आम्हांला पहिला अय्यूब परिचयाचा, आणि तोच आम्हांला प्रिय. पण रमाबाई वाचल्यावर दुसऱ्याचेही मोल कळले. ज्याच्याशी भांडता येते तो जवळचा असतो. बाईंचा आधार हा असा, भांडून मिळविलेला होता, म्हणून तो टिकला.

तो टिकण्याची गरजही लवकरच पडली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे आश्वासन होते. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. १८९३ मध्ये त्यावरून गहजब झाला. 'केसरी'ने झोड उठविली, रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. आमच्या मते पालकांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. आम्ही शिक्षक आहोत. दुसऱ्याचे मूल आपल्या स्वाधीन असते तेव्हा उघड्या दाराचाही विचार करावा लागतो. पण आपल्या खोलीतही देवाचे नाव मिटल्या ओठांनी घ्यावे, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी या बाईचे दुसरे कोण उरले होते, हेही पाहावयास हवे होते.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे किड्यामुंगीसारखी मरत असल्याच्या वार्ता आल्या, आणि रमाबाई तिकडे निघाल्या. आपले आईबाप कसे गेले हे त्यांना विसरता येण्यासारखे नव्हते. शेकडो मुली त्यांनी आणविल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, एवढ्यांना शहरात ठेवता येईना. तेव्हा केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर राहुट्या आणि छपरे उभी राहिली. तीच 'मुक्ती'. पुढे आपल्या गुजरातेत छप्पनियो पडला. संवत् १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. त्याचे नाव बडोद्यातील जुन्या घराण्यांतून अजून निघते. त्याही वेळी बाईंची माणसे इकडे आली आणि उपाशी मुली-बायकांना केडगावास घेऊन गेली. १९०० च्या सुमारास मुक्तीत सुमारे दीड हजार माणसे होती. त्यांत आपल्याच या मुलखातील कितीतरी.

त्यांतील अनेकींना पुढे बाप्तिस्मा मिळाला. भाकरी आणि धर्म एकाच हातातून आला, तर घेणाऱ्याची संमती किती खरी, हा प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही. तो त्या काळीही विचारला गेला, आणि त्याचे एक चांगले फळ असे की आर्य समाजासारख्या संस्थांनीही दुष्काळग्रस्त मुलांसाठी अनाथालये काढली. नुसती टीका करणाऱ्यांपेक्षा ते अधिक शहाणे. न्यासाच्या कामात ज्यांनी वर्षानुवर्षे घालविली त्यांना हे सांगावयास नको, की दारी आलेल्या माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारावा, यावरच पुष्कळ काही ठरते. विहिरीवरच्या त्या गोष्टीत पहिला प्रश्न पाण्याचा आहे.

बाईंच्या आयुष्यातील शेवटची बरीच वर्षे एका निराळ्याच कामात गेली. अस्तित्वात असलेले मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झालेले, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, असे त्यांचे मत होते. पुराणिकाची ही मुलगी, संस्कृत जिच्या जिभेवर, तिनेच सोपी मराठी मागावी, हे आम्हांला फार मोलाचे वाटते. मूळ ग्रंथावरून भाषांतर करावयाचे म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जे सांत्वन आपल्याला मिळाले ते चुलीपुढे बसलेल्या अडाणी बाईपर्यंत तिच्याच बोलीत पोहोचावे, हा ध्यास.

या ठिकाणी आमचे थोडे निराळे मत आहे. आमच्या घरांतील वृद्ध स्त्रिया कुराणाचे अरबी पठण ऐकतात. शब्दाशब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक नसतो, तरी मयताच्या घरी ते सूर कानी पडले की त्यांचे मन निवते, हे आम्ही पाहिले आहे. तेव्हा आधार केवळ अर्थातूनच मिळतो असे नाही. परंतु दुःख ओसरल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, माणूस एकटा पडतो आणि "असे का झाले" म्हणून विचारू लागतो, तेव्हा मात्र त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलणारे काहीतरी लागते. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपून ठेवलेल्या आपल्या मंडळींना हे पटावे.

मनोरमा एव्हाना आईचा उजवा हात झाली होती. परदेशी शिकून आलेली, अंध मुलींना ब्रेल शिकविणारी, मुक्तीचा पुढचा भार जिच्यावर सोपवावयाचा ती ही मुलगी १९२१ च्या जुलैत वारली. वय चाळीस. ज्या बाईने आईची तिरडी डोक्यावर वाहिली, भाऊ आणि नवरा दोन वर्षांच्या आत गमावला, तिच्या हातून हेही शेवटचे माणूस गेले. अशा वेळी श्रद्धेने काय दिले, असे कोणी विचारले तर आमच्यापाशी दाखवावयास एकच वस्तू आहे. प्रकृती खालावली होती, ऐकू कमी येत होते, तरी बाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. मुलीच्या मागे त्या नऊ महिनेही राहिल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

संपूर्ण बायबल १९२४ साली छापून निघाले. छापखाना केडगावचाच होता, आणि त्याचे खिळे जुळविले ते मुक्तीतल्या मुलींनी.